मलिक अंबर : उद्याचे पीक आज न विकणारा वजीर

संपत्ती ही अल्लाहची अमानत आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घराच्या कर्त्याला ती लागू होते, तशीच राज्याच्या कर्त्यालाही होते. मग राज्याने मिळकतीपेक्षा अधिक खर्च करावा काय? तुटीचा अर्थसंकल्प हा शब्द आजचा असला तरी प्रश्न जुना आहे. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच जुन्नरच्या मातीत एका वजिराला तो सोडवावा लागला. त्याचे नाव मलिक अंबर.

अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. हातोहात फिरत तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. या मालकाने त्याला शिकविले, हिशेब व कारभाराची ओळख करून दिली आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि थोडेसे घोडेस्वार घेऊन नशीब अजमावू लागला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. चाँदबीबी मारली गेली व राज्य पोरके झाले. अशा वेळी अंबरने राजघराण्यातील मुर्तजा याला परांड्यास गादीवर बसविले आणि मोडकी निजामशाही सावरून धरली. त्यानंतरच्या दशकात काही काळ राज्याची राजधानी जुन्नर होती. याच जुन्नरात १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली होती, म्हणजे राज्य एका अर्थाने आपल्या पाळण्याकडे परतले होते.

परंतु खजिना कोठे होता? समृद्ध मुलूख मोगलांनी बळकावला होता, फौजेचा पगार मात्र थांबत नव्हता. अशा अडचणीत त्या काळच्या राजवटींजवळ एक सोपी वाट असे. तिला इजारा म्हणत. परगण्याचा वसूल गोळा करण्याचा हक्क एखाद्या सावकाराला मक्त्याने द्यायचा आणि त्याच्याकडून रोख रक्कम आधीच घ्यायची. सरकारची आजची तूट भरून निघे. मक्तेदार मात्र दिलेली रक्कम नफ्यासह रयतेकडून वसूल करी. शेतात जे पीक अजून उगवलेलेही नाही, ते अशा रीतीने दरबारात खर्ची पडे. ही त्या काळातील तूटच होती. तिचा बोजा कोणाला विचारून टाकला जात नसे, एवढेच.

अंबरने ही वाट सोडली. त्याने इजाऱ्याची पद्धत बंद केली आणि वसुलीचे काम पगारी कारकुनांकडे सोपविले. त्यांत ब्राह्मण कारकून मोठ्या संख्येने होते. पाटलांचे वंशपरंपरागत हक्क त्याने मान्य केले. जमिनीची प्रतवारी लावून प्रत्यक्ष पिकावर सारा ठरविला. इतिहासकारांच्या नोंदीनुसार आरंभी पिकाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई. पुढे काही हंगामांचा अनुभव पाहून त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले आणि ते साधारणतः उत्पन्नाच्या एक तृतीयांश किमतीइतके होते.

या प्रतवारीचे मोल जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. भीमाशंकरच्या बाजूला डोंगरउतारावर भात आणि नाचणी होते. पूर्वेकडे कुकडी, मीना आणि घोड यांच्या काठी काळी जमीन आहे. दोहोंवर एकच सारा बसविला, तर डोंगरातला शेतकरी गाव सोडून जाईल आणि पुढच्या वर्षी सरकारच्या हाती काहीच लागणार नाही. रयत टिकली तर सारा टिकतो आणि सारा टिकला तर राज्य टिकते, हे अंबरने ओळखले होते.

तरीही त्याची वाट सुखाची नव्हती. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मोगलांनी त्याचा पराभव केला आणि त्याने वसविलेले खडकी शहर उद्ध्वस्त केले. १६२१ मध्ये शाहजहानशी तह करताना निजामशाहीच्या वाट्याला बारा लाखांची खंडणी आली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मात्र त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

राज्याने कर्ज काढूच नये, असे इस्लाम म्हणतो काय? तसे नाही. हुनैनच्या मोहिमेपूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सफवान बिन उमैया यांच्याकडून चिलखते परतीच्या हमीवर घेतली होती, सफवान तेव्हा मुसलमानही नव्हते. अब्दुल्लाह बिन अबी रबीआ (रजि.) यांच्याकडूनही प्रेषितांनी (स.) चाळीस हजारांचे कर्ज घेतले आणि माल आल्यावर दुआ देत ते फेडले, असे हदीस सांगते. पाचव्या हिजरी शतकातील इमाम मावर्दी (रह.) लिहितात की, टाळता न येणारी देणी अंगावर आली आणि हानीचे भय असले, तर शासकाने बैतुलमालच्या नावे कर्ज घ्यावे, ते फेडणे त्याच्यानंतर येणाऱ्या शासकावरही बंधनकारक राहील. ग्रानाडाचे इमाम शातिबी (रह.) आणखी एक अट घालतात. बैतुलमालमध्ये पुढे उत्पन्न येण्याची खरी अपेक्षा असेल तरच कर्ज घ्यावे. ती नसेल तर संपन्न लोकांवर न्याय्य भार टाकावा.

गरज खरी असावी, फेडीची वाट दिसावी आणि भार दुर्बळांवर पडू नये, असा या तिन्ही गोष्टींचा अर्थ आहे. इजारा या तिन्ही कसोट्यांवर उतरत नव्हता.

१४ मे १६२६ रोजी, ऐंशीच्या घरात असताना अंबरचे निधन झाले. खुल्दाबादला त्याची कबर आहे. त्याचा पुत्र फतहखान याला वारसा पेलला नाही आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेले. राज्य संपले, पण सारापद्धती टिकून राहिली. मराठी राज्याच्या कागदपत्रांत मलिकंबरी धाऱ्याचा आधार पुढेही घेतला जात होता.

इजाराही मेला नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८१८ पूर्वीच्या दशकांत, मामलती सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला दिल्या जाऊ लागल्या. अंबरने ज्या मातीत ही पद्धत बंद केली, त्याच पुणे प्रांताच्या रयतेने तिचे चटके पुन्हा सोसले.

आज केंद्राने २००३ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली तुटीला आवर घालणारे कायदे केले आहेत. आपले सरकार कर्ज काढते. त्या कर्जावर व्याजही असते, ही ईमानवाल्यांच्या मनाला बोचणारी गोष्ट आहे. तरीही कर्ज काढले म्हणून लगेच निषेध करू नये आणि खर्च झाला म्हणून लगेच टाळ्याही वाजवू नयेत. धरणासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी घेतलेले कर्ज पुढची पिढी उपभोगेल आणि फेडीलही. पण रोजच्या डामडौलासाठी घेतलेले कर्ज म्हणजे आपल्या नातवंडांच्या शेतातले न उगवलेले पीक विकणे होय. अर्थसंकल्पाची बातमी वाचताना हा फरक आपण आपल्या मुलांना समजावून सांगावा.

अल्लाह आपल्या राज्यकर्त्यांना अमानत सांभाळण्याची आणि आपल्याला त्यांना जाब विचारण्याची तौफीक देवो. आमीन.