समजून घ्या : पोथीतले राम-रावण रंगमंचावर आणणारे विष्णुदास भावे

कॉमिक्समधला सुपरहिरो कार्टूनमध्ये आला की तो जमला की फसला, यावर चाहते वाद घालतात. पोथीतल्या राम-रावणांना लोकांसमोर चालते-बोलते करण्याचे असेच आव्हान सुमारे १८० वर्षांपूर्वी सांगलीत विष्णुदास भावे यांनी पेलले.

सुरुवात कशी झाली?
कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी तसाच खेळ मराठीत बसवण्याचे काम भावे यांच्यावर सोपवले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगले.

खेळ कसा असे?
पदे सूत्रधार गाई. संवाद पात्रे आयत्या वेळी रचून बोलत. राक्षस आरोळ्या ठोकत येत. ‘अलल्लडुर्र’ हे या नाटकांचे टोपणनावही त्यातूनच पडले. भावे यांनी पौराणिक खेळांसाठी लाकडी बाहुल्याही घडवल्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या.

राजाश्रय सुटल्यावर काय?
१८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि नाटक मंडळींच्या पोटापाण्याचाच प्रश्न उभा राहिला. भावे मंडळींना घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबाराच्या मर्जीवर चालणारे नाटक आता प्रेक्षकाच्या पैशावर उभे राहिले.

आज काय उरले?
९ ऑगस्ट १९०१ रोजी भावे यांचे निधन झाले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला. त्या दिवशी सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मींना भावे यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते.