युंग यांचे रोजचे वर्तुळ

ऑक्टोबर १९१३. आगगाडीत बसलेल्या कार्ल युंग यांना दिवसाढवळ्या एक दृश्य दिसले. उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंत पूर पसरला आहे, प्रेते तरंगताहेत आणि बघता बघता पाण्याचे रक्त झाले आहे. युंग तेव्हा ३८ वर्षांचे होते. झुरिचच्या मनोरुग्णालयात त्यांनी नऊ वर्षे काढलेली, त्यामुळे असे भास कशाचे लक्षण असू शकतात हे त्यांना चांगलेच ठाऊक होते. आपल्याला वेड लागणार, या भीतीने ते हादरले. फ्रॉइड यांच्याशी नातेही त्याच वर्षी तुटले होते. नाव होते, घरदार होते, पण आपण नेमके कशाच्या आधारावर जगतो आहोत, हे त्यांना सांगता येईना.

मग त्यांनी लहानपणचा खेळ पुन्हा मांडला. दुपारी जेवण झाले की सरोवराच्या काठी दगडांची चिमुकली घरे बांधायची, रुग्ण आले की उठायचे. मनात येणारी दृश्ये ते वहीत उतरवू लागले आणि पुढे लाल चामड्याच्या बांधणीच्या मोठ्या ग्रंथात रंगवू लागले. महायुद्धकाळात लष्करी सेवेत असताना रोज सकाळी एक छोटे वर्तुळ काढण्याचा त्यांनी नेमच केला. एकदा एका परिचित बाईंचे पत्र आले. ही चित्रे म्हणजे कलाच, असा त्यांचा हट्ट. युंग वैतागले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तुळाची कड फुटलेली निघाली! अशा आकृत्यांसाठी त्यांनी आपल्याकडचाच ‘मंडल’ हा संस्कृत शब्द घेतला.

युंग यांनी रुग्णांच्या हातीही कुंचला दिला, पण त्या चित्रांना कला म्हणायचे नाही, हे बजावून. चित्र चांगले की वाईट, हा प्रश्न एकदा शिरला की उपचार बाजूला राहतो. १९२९ मधील एका निबंधात त्यांनी नोंदवले आहे की, त्यांच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कोणताही ठरावीक मनोविकार नव्हता. आयुष्य निरर्थक वाटणे, हेच त्यांचे दुखणे होते.

केवळ चित्रांनी युंग सावरले, असे मात्र नाही. पत्नी, पाच मुले आणि ठरल्या वेळी येणारे रुग्ण यांनी आपल्याला जमिनीवर ठेवले, असे ते स्वतःच मानत.

लाल ग्रंथावर त्यांनी सुमारे १६ वर्षे काम केले आणि मग तो तसाच ठेवून दिला. १९५९ मध्ये, ८४ व्या वर्षी, त्यांनी त्याला समारोपाची टीप जोडायला घेतली. तिचे शेवटचे वाक्य अर्ध्यावरच थांबले आहे. १९६१ मध्ये युंग गेले. ग्रंथ छापून आला २००९ मध्ये.