पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणारा माणूस

मागच्या वर्षी सबमिशन संपल्यावर आम्ही हॉस्टेलचे सहा जण मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करायचं ठरलं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला बरे मार्क पडले होते, त्यामुळे आर्किमिडीज आपल्या खिशात आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात काय झालं, तर मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं. मी पट्टा आवळला, तर आणखीच शिरायला लागलं. आणि कमरेला शिशाची वजनं बांधलेली असूनही मी बुचासारखा वर तरंगत राहिलो. बरोबरच्या प्रशिक्षक दादांनी एकदा बघितलं आणि दोन्ही रोगांचं निदान केलं. गळतीचं कारण माझी मिशी (जी मी मोठ्या कष्टाने वाढवली होती) आणि तरंगण्याचं कारण माझी भीती!

मिशीच्या केसांमुळे मास्कची रबरी कड कातडीला नीट चिकटत नाही आणि पट्टा फार आवळला की ती कडच वाकडी होते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो तो पाण्याच्या दाबाने, पट्टा फक्त तो जागेवर ठेवण्यापुरता. भीतीपोटी मी छाती भरून श्वास धरून ठेवला होता. छातीत तीन लिटर हवा जास्त, म्हणजे साधारण तीन किलो वर ढकलणारं बळ. दादांनी श्वास सोडायची खूण केली. मी सोडला आणि अलगद खाली गेलो.

परत आल्यावर डोक्यात एकच किडा होता. हे सगळं पहिल्यांदा कोणी शोधलं असेल? त्याला सांगायला तर कोणी दादा नव्हते. लायब्ररीत शोधता शोधता जॅक कूस्तो भेटला. समुद्रावरचे सिनेमे करणारा, डोक्यावर लाल लोकरी टोपी घालणारा म्हातारा म्हणून त्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मला मात्र त्याचा तरुणपणच जास्त आवडला.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधल्या सेंट आंद्रे द क्युब्झॅक या छोट्या गावी झाला. लहानपणी तो अशक्त होता. पण यंत्रांचं वेड भारी, तेराव्या वर्षीच त्याने स्वतःचा मूव्ही कॅमेरा घेतला होता. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. त्याला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. पण एका रात्री मोटारीचा भीषण अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हातांना व्यायाम म्हणून तो समुद्रात पोहू लागला. १९३६ मध्ये नौदलातला मित्र फिलिप तायेझ याने त्याला पाण्यात बघायचा चष्मा दिला. कूस्तोने पाण्यात डोकं घातलं आणि त्याचं आयुष्य तिथेच बदललं. पुढे फ्रेडरिक ड्युमा हा तिसरा भिडू त्यांना मिळाला.

अडचण एकच होती, श्वास. तोंडाने धरलेल्या श्वासावर माणूस खाली टिकणार किती? कूस्तोने शुद्ध ऑक्सिजनचं उपकरण वापरून पाहिलं. साधारण ४५ फुटांवर त्याला झटके आले, शुद्ध हरपायच्या आत कमरेची वजनं सोडता आली म्हणून तो वाचला. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो, हे त्याने स्वतःच्या अंगावर शिकून घेतलं. साधी हवाच हवी होती, पण ती पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळायला हवी होती.

डिसेंबर १९४२. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात. कूस्तो पॅरिसला एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरला भेटला. हा गान्यां एअर लिक्विड कंपनीत होता. कूस्तोचे सासरे त्याच कंपनीत मोठ्या पदावर होते, म्हणून ही गाठ पडली. पेट्रोलची टंचाई असल्याने गान्यांने मोटार गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस तो सोडायचा. इंजिनाच्या जागी माणसाची छाती ठेवली की झालं! रबराचा पातळ पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. श्वास ओढला की पडदा आत ओढला जातो, तरफ हलते, व्हॉल्व्ह उघडतो. श्वास थांबला की व्हॉल्व्ह बंद. पाण्याचा दाब पडद्यावरच असल्यामुळे हवाही आपोआप त्याच दाबाची मिळते.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसबाहेर मार्न नदीत चाचणी झाली. थंडी कडाक्याची. कूस्तो आडवा पोहला, यंत्र झकास चाललं. उभा राहिला, तर हवा भसाभस बाहेर जायला लागली. डोकं खाली केलं, तर श्वास मिळेना. आपला प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी बंद पडतो ना, तसंच. दोघे निराश होऊन गाडीने पॅरिसला निघाले. पण गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचार सोडला नाही आणि परतीच्या वाटेवरच कारण सापडलं. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा यांत सहा इंचांचं अंतर होतं. उभं राहिलं की बाहेर पडायचं तोंड सहा इंच वर, म्हणजे तिथे पाण्याचा दाब कमी. उलटं झालं की ते सहा इंच खाली, म्हणजे दाब जास्त. आडवं असताना दोन्ही एकाच पातळीवर. सहा इंच पाणी म्हणजे सुमारे १५०० पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का! एवढ्याशा फरकाने सगळं बिघडत होतं. उपाय फारच साधा होता. बाहेरचं तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणून बसवलं.

जून १९४३ मध्ये नवीन संच रेल्वेने बांदोल या किनाऱ्यावरच्या गावी आला. जमिनीवर त्याचं वजन २२ किलोच्या आसपास, पण पाण्यात ते जवळजवळ नाहीसं व्हायचं. बुडण्यापुरतं तीनेक किलो शिसं कूस्तोने कमरेला बांधलं. पत्नी सिमोन वरून पोहत लक्ष ठेवून होती. त्याने खाली कोलांट्या मारल्या, उलटा उभा राहिला, गोल फिरला. हवा एकसारखी येत राहिली. आजच्यासारखं हवा भरायचं जॅकेट तेव्हा नव्हतं. वर जायचं तर जरा मोठा श्वास, खाली जायचं तर उच्छ्वास, एवढंच. त्या उन्हाळ्यात त्यांनी ५०० हून जास्त बुड्या मारल्या.

पुढचा प्रसंग वाचून मात्र मी जरा गप्पच झालो. ऑगस्ट १९४६ मध्ये कूस्तो आणि ड्युमा फ्रान्समधल्या व्हॉक्लूझच्या झऱ्याच्या गुहेत उतरले. खाली दोघांची डोकी चालेनाशी झाली. ड्युमाच्या पोशाखात पाणी भरलं, तोंडातली नळी सुटली. कूस्तो दोराला धरून वर चढू लागला, तर वरच्या मॉरिस फार्ग याला वाटलं की त्यांना आणखी दोर हवाय, म्हणून तो दोर सोडतच राहिला. शेवटी त्याला शंका आली, त्याने ओढलं आणि दोघे जेमतेम वाचले. नंतर सिलिंडरमधली हवा तपासली, तर तिच्यात कार्बन मोनॉक्साइड! हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. जमिनीवर जे थोडं चाललं असतं, ते ४० मीटरवर पाचपट झालं. दोष डायव्हरमध्ये नव्हता, गुहेतही नव्हता, बाहेर ठेवलेल्या मशीनमध्ये होता. ज्याने त्यांना वाचवलं तो फार्ग पुढच्याच वर्षी १२० मीटर खोल जाऊन मरण पावला. त्यानंतर हवेवर किती खोल जायचं याची मर्यादा त्यांनी कडक पाळली.

यापुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९५० मध्ये युद्धातली एक जुनी लाकडी बोट मिळाली, तिचं नाव कॅलिप्सो. १९५६ मध्ये त्याच्या सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि नंतर ऑस्कर मिळालं. त्याच सिनेमात मासे मोजायला सुरुंग लावलेला दिसतो, शार्क मारलेले दिसतात. पण हाच माणूस १९६० मध्ये समुद्रात अणुकचरा टाकण्याविरुद्ध उभा राहिला आणि उरलेलं आयुष्य समुद्र वाचवण्यात घालवलं. आपली चूक यंत्रातली असो की वागण्यातली, ती दुरुस्त करता येते असं मला त्यातून वाटलं. १९७९ मध्ये विमान अपघातात मुलगा फिलिप गेला, १९९० मध्ये सिमोन गेली, १९९६ मध्ये सिंगापूरला कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी कूस्तो गेला.

गान्यांचं काय? तो १९४७ मध्ये कॅनडाला गेला आणि काम करत राहिला. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं. जगातले बहुतेक स्कूबा डायव्हर आज त्याच तत्त्वावरच्या व्हॉल्व्हने श्वास घेतात.

मित्रांनो, खरं सांगायचं तर लॅबमध्ये रीडिंग चुकलं की मी शेजारच्याचं उतरवून घेतो, शीट अवघड असली की सरळ जीटी मारतो. मार्न नदीवरून परतताना त्या दोघांनी तसं काही केलं असतं तर? सहा इंचांचा फरक कुणाच्या तरी जिवावर बेतला असता. आता रीडिंग चुकलं की निदान एकदा तरी विचारून बघतो, हे असं का आलं?

आणि हो, पुढच्या वेळी मालवणला जाताना मिशी काढून जाणार आहे.