पीटर बर्नेट : कॅलिफोर्नियाचे पहिले निर्वाचित गव्हर्नर

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या जनतेने निवडून दिलेला पहिला गव्हर्नर कॅथलिक होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यांचे नाव पीटर बर्नेट.

१८०७ साली टेनेसीतील नॅशव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. मिसुरीत दुकान बुडाले, डोक्यावर कर्ज झाले, पत्नीची प्रकृतीही बरी नसे. वकिली ते घरीच पुस्तके वाचून शिकले होते. १८४३ साली बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर हे कुटुंब ओरेगॉनला निघाले. तेथे वसाहतवाल्यांनी आपले हंगामी सरकार स्थापले होते. त्यात बर्नेट कायदेमंडळात गेले, पुढे न्यायाधीश झाले.

त्याच वर्षी नाताळात फोर्ट व्हँकुव्हर येथे ते केवळ कुतूहलापोटी मध्यरात्रीच्या मिस्सेला गेले आणि भारावून गेले. पुढे बिशप पर्सेल व प्रॉटेस्टंट उपदेशक कॅम्पबेल यांचा छापील वादविवाद त्यांच्या हाती आला. स्वतः कॅम्पबेलच्या पंथाचे असूनही त्यांनी दोन्ही बाजू खटल्यासारख्या तोलून पाहिल्या. १८४६ साली ओरेगॉन सिटीत ते कॅथलिक झाले. इतका विचार करून श्रद्धा स्वीकारणारे थोडेच, असे आम्हांला वाटते.

पण त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. १८४४ साली त्यांच्याच पुढाकाराने ओरेगॉनात कायदा झाला : गुलामगिरीला बंदी, परंतु काळ्या लोकांनीही प्रदेश सोडावा, नाहीतर चाबकाचे फटके. फटक्यांचे कलम त्याच वर्षी बदलले आणि १८४५ साली कायदाच रद्द झाला. हे सारे धर्मांतराच्या आधीचे, असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु पुढचे ऐका.

सोन्याच्या शोधात १८४८ साली ते कॅलिफोर्नियात आले. सॅक्रामेंटोच्या जमीनविक्रीत त्यांचे बस्तान बसले आणि मिसुरीचे जुने कर्ज त्यांनी फेडले. डिसेंबर १८४९ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. १८५० साली त्यांच्याच कारकिर्दीत मूळ रहिवाशांना व त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या घरी वेठीस धरण्याचा कायदा झाला. जानेवारी १८५१ मध्ये विधिमंडळाला पाठविलेल्या संदेशात तर त्यांनी मूळ रहिवाशांचा वंश संपेपर्यंत हे युद्ध चालूच राहणार, असे गृहीत धरले. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. तोवर बाप्तिस्मा होऊन साडेचार वर्षे झाली होती.

१८६० साली त्यांनी आपल्या धर्मांतरावर ग्रंथ लिहिला. १८९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. सांता क्लारा येथील कॅथलिक दफनभूमीत त्यांची कबर आहे. सॅन होजे शहरात त्यांच्या नावाची एक शाळा होती. २०१९ साली ते नाव काढून शाळेला तेथील मूळ रहिवासी मुवेक्मा ओलोनी जमातीचे नाव देण्यात आले.