शाहीर अण्णा भाऊ साठे

मराठी पोवाडा दीर्घकाळ रणांगणावरील पराक्रमाचे गुणगान करीत आला. युद्धाने ज्यांचे घर उजाड झाले, त्यांची व्यथा मात्र बहुधा जात्यावरच्या ओवीतच राहिली. ही व्यथा डफ-तुणतुण्याच्या साथीने चव्हाट्यावर आणणाऱ्या शाहिरांत अण्णा भाऊ साठे यांचे स्थान अग्रभागी आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. पोटासाठी कुटुंबाने मुंबई गाठली, आणि गिरणी, चाळ व कामगार चळवळ हीच त्यांची पाठशाळा ठरली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र असलेल्या बेळगावातून जवान दूरदेशीच्या आघाड्यांवर जात होते आणि खेड्यापाड्यांतील बायाबापड्या टपालाची वाट पाहत होत्या. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. त्यात वीररस होता, पण नायक राजा किंवा सरदार नव्हता. आपले शहर राखणारी कष्टकरी जनता होती.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरील नावा काढून घेतल्या होत्या. भाव गगनाला भिडले होते. एकाही तोफेचा गोळा न लागता सुमारे तीस लाख माणसे भूक व रोगराईने गेली, असा अंदाज आहे. ‘बंगालची हाक’ या पोवाड्यातून अण्णा भाऊंनी हा आकांत मराठी श्रोत्यांच्या दारी आणला. पुढे फाळणीच्या रक्तपातावर त्यांनी ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ रचला. पोवाड्याचा बाज जुनाच राहिला. परंतु जयजयकाराच्या जागी मृतांचा हिशेब मागणारा प्रश्न आला.

सीमाभागाला अण्णा भाऊ अधिक जवळचे वाटतात, ते ‘माझी मैना’ या छक्कडीमुळे. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या मुंबईतील कामगाराचे हे गीत अखेरीस खंडित महाराष्ट्राच्या दुःखाशी येऊन मिळते, आणि त्यात बेळगाव-कारवारचा उल्लेख येतो. सीमाप्रश्न हे युद्ध नव्हते. तरीही १७ जानेवारी १९५६ रोजी येथील रस्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बेळगाव-निपाणीची मराठी जनता तो दिवस हुतात्मादिन म्हणून पाळते. पलटणीत गेलेल्या धन्याची वाट पाहणारी स्त्री आणि आंदोलनात मुलगा गमावलेली माता या दोघींनाही त्या छक्कडीतील ताटातुटीची भाषा परकी वाटली नाही.

१९५९ च्या ‘फकिरा’ने अण्णा भाऊंना कादंबरीकार म्हणून कीर्ती दिली, १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. मात्र दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जेत्यांची नावे शिलालेख आणि बखरी जतन करतात. ज्यांनी किंमत मोजली त्यांची स्मृती गीतातच टिकते. त्या स्मृतीला मराठीत घर मिळवून देणे, हे या शाहिराचे मोठे देणे होय.