शेतकऱ्यांचा चित्रकार : मिले

चित्रकला ही हस्तकौशल्याची विद्या आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हात सरावला, रंगांची ओळख पटली, म्हणजे मनुष्य चित्रकार झाला, असें आपण मानतों. परंतु हात कितीही कुशल असला, तरी त्या हातानें काय रेखाटावयाचें हें हात ठरवीत नाहीं. तें अंतःकरण ठरवितें. या दृष्टीनें पाहिलें असतां, फ्रान्समधील प्रसिद्ध तैलचित्रकार ज्याँ फ्रान्स्वा मिले याचें चरित्र अत्यंत बोधप्रद आहे. त्यानें चित्रासाठीं विषय निवडले आणि त्या निवडीची किंमत आयुष्यभर मोजली.

मिलेच्या तरुणपणीं फ्रान्समध्यें प्रतिष्ठित चित्रांचे विषय ठरून गेलेले होते. राजेरजवाडे, रणसंग्राम, ग्रीक व रोमन पुराणांतील देवदेवता, हे उच्च विषय. शेतकऱ्याला चित्रांत जागा मिळालीच तर ती करमणुकीपुरती. हंसरा, नटवा, स्वच्छ कपड्यांतला शेतकरी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शोभत असे. घामानें भिजलेला, चिखलानें माखलेला, श्रमानें वांकलेला खरा शेतकरी मोठ्या चित्राचा नायक होऊं शकतो, ही गोष्ट त्या काळच्या रसिकांना विलक्षण वाटे.

मिलेचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ रोजीं नॉर्मंडी प्रांतांतील ग्रूशी नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें समुद्रकांठच्या खडकाळ भूमीवर वसलेलें आहे. बाप शेतकरी होता, पण गांवच्या प्रार्थनामंदिरांतील गायकवृंद तोच चालवीत असे. शेतांत काम करतां करतां गवताची एखादी काडी उचलून, ती किती सुंदर आहे हें तो मुलाला दाखवी. आई शेतावर राबे आणि मुलांचा सांभाळ आजीकडे असे. ही आजी मोठी धर्मशील स्त्री होती. मुलाच्या मनावर तिचा जो ठसा उमटला, तो अखेरपर्यंत पुसला गेला नाहीं. घरांत एक चुलत आजोबाही होते. ते धर्मगुरु असूनही शेताच्या कामाला हात लावण्यांत कमीपणा मानीत नसत. अशा या घरांत प्रार्थना आणि नांगर या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

गांवच्या धर्मगुरूंपाशीं मिले लॅटिन शिकला. पवित्र शास्त्र आणि व्हर्जिल कवीचें काव्य हीं त्याचीं आवडतीं पुस्तकें होतीं. दिवसा तो पेरणी, कापणी, मळणी हीं सर्व कामें करी आणि दुपारीं घरचीं माणसें विश्रांति घेत असतां कागदावर चित्रें काढी. तो अठरा वर्षांचा असतांना एके रविवारीं प्रार्थनेहून परततांना त्यानें पाठीला बांक आलेला एक म्हातारा पाहिला आणि घरीं येऊन कोळशानें भिंतीवर त्याचें चित्र काढलें. तें इतकें हुबेहुब होतें कीं घरच्या सर्वांनीं त्या म्हाताऱ्याला तात्काळ ओळखलें. धाकटे भाऊ हाताशीं येईपर्यंत शेतीसाठीं या मुलाची गरज होती. आतां ती अडचण राहिली नाहीं, असें पाहून बापानें त्याला शेरबूर शहरीं चित्रकाराकडे नेलें.

बरोबर दोन चित्रें नेलीं होतीं. एकांत मेंढपाळ होते. दुसऱ्यांत रात्रीची वेळ, आकाशांत तारे, आणि दारांत उभा राहून शेजाऱ्याला भाकरी देणारा एक मनुष्य. मध्यरात्रीं भाकरी मागावयास आलेल्या मित्राचा जो दाखला लूकच्या शुभवर्तमानांत आहे, त्याचें तें चित्र होतें. हें एका खेडवळ मुलाचें काम आहे यावर त्या गुरूचा प्रथम विश्वासच बसेना. पहिल्याच चित्रांत पवित्र शास्त्र आणि खेड्यांतील जीवन हीं एकत्र आलेलीं दिसतात. पुढें ४० वर्षें मिले जें करणार होता, त्याचें बीज येथेंच होतें.

१८३५ सालीं बाप वारला. ज्येष्ठ पुत्र म्हणून शेती संभाळावयास मिले घरीं परतला, पण आजीनें त्याला थांबूं दिलें नाहीं. ईश्वरानें दिलेली देणगी मातींत घालवूं नये, या समजुतीनें तिनें त्याला परत पाठविलें. १८३७ सालीं शेरबूरच्या नगरमंडळाची वृत्ति मिळून तो पॅरिसला गेला. निघतांना आजीचा उपदेश एवढाच होता कीं, चित्रकार होण्यापूर्वीं तूं ख्रिस्ती आहेस, हें विसरूं नकोस.

पॅरिस त्याला मानवलें नाहीं. तो देलारोश या नामांकित चित्रकाराच्या शाळेंत शिकूं लागला, पण तेथील सोबती या दणकट, अबोल तरुणाला रानमाणूस म्हणून चिडवीत. त्याचें खरें शिक्षण लूव्रच्या संग्रहालयांत झालें. मायकेल अँजेलो व पूसां यांच्या चित्रांपुढें तो तासन् तास उभा राही. मनुष्याच्या देहाच्या ठेवणींतूनच त्याचें दुःख किंवा श्रम प्रकट करतां येतात, हें तो मायकेल अँजेलोपासून शिकला. १८३९ मध्यें एका मोठ्या पारितोषिकाच्या स्पर्धेंत त्याला अपयश आलें आणि वृत्तिही बंद झाली.

यानंतरचीं दहा वर्षें फार हलाखींत गेलीं. पोटासाठीं त्यानें लोकांचीं व्यक्तिचित्रें काढलीं, दुकानांच्या पाट्या रंगविल्या. १८४१ मध्यें त्यानें विवाह केला. परंतु तीनच वर्षांत त्याची तरुण पत्नी क्षयानें वारली. पुढें कॅथरीन लमेर ही त्याची सहचरी झाली आणि तिनें त्याचें सारें दारिद्र्य निमूटपणें सोसलें. या काळांत बाजाराला जें रुचे तें तो काढी : पुराणांतील अप्सरा, स्नान करणाऱ्या स्त्रिया, असे विलासी विषय. तीं चित्रें विकलीं जात. सांसिये या त्याच्या स्नेह्यानें त्याचें चरित्र लिहिलें आहे. त्यांत तो सांगतो कीं, एकदां एका दुकानाच्या खिडकीपुढें उभे असलेले दोघे इसम, उघड्या स्त्रियांवांचून दुसरें कांहीं न काढणारा चित्रकार, असा मिलेचा उल्लेख करीत होते आणि तें त्याच्या कानीं पडलें. त्याला मोठा धक्का बसला. आजीचे शब्द त्याला आठवले असतील काय? घरीं जाऊन त्यानें पत्नीला विचारलें कीं, आजपासून मीं असलीं चित्रें सोडलीं तर संसार अधिकच कठीण होईल. तुझी तयारी आहे काय? तिनें होकार दिला. संसार तिलाच चालवावयाचा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या होकाराचें मोल कळतें.

१८४८ मध्यें त्यानें 'धान्य पाखडणारा' हें चित्र प्रदर्शनांत मांडलें. तें नव्या प्रजासत्ताकाच्या एका मंत्र्यानें ५०० फ्रँकना घेतलें. सरकारनेंही एक चित्र सांगितलें. त्या पैशांवर, पॅरिसमधील पटकीच्या साथीपासून मुलांना वांचविण्यासाठीं, १८४९ च्या उन्हाळ्यांत तो फाँतेन्ब्लोच्या अरण्याच्या कडेस असलेल्या बार्बिझाँ या खेड्यांत गेला. थोड्या दिवसांपुरता म्हणून गेलेला मिले तेथें मरेपर्यंत, म्हणजे सुमारें २५ वर्षें, राहिला. सकाळीं तो बागेंत खणी, पेरी, भाजी काढी आणि दुपारनंतर एका बुटक्या, अंधाऱ्या खोलींत बसून चित्रें रंगवी. पायांत शेतकऱ्यांचे लाकडी जोडे असत. समोर माणूस बसवून काढण्यापेक्षां तो बहुधा स्मरणानेंच काढी. वीस वर्षें स्वतः केलेलीं कामें आठवावयास त्याला नमुना कशाला हवा?

येथें त्याच्या सर्वोत्तम चित्रांना आरंभ झाला. १८५० मधील 'पेरणारा' या चित्रांत संधिप्रकाशांत एक तरुण शेतकरी लांब ढांगा टाकीत, मुठीनें बीं फोकीत उतरणीवरून येत आहे. त्याचा चेहरा टोपीच्या सावलींत बुडाला आहे. मागें पक्ष्यांचा थवा आहे आणि दूर क्षितिजाजवळ औत चाललें आहे. प्रभूनें सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला ज्यानें वाचला आहे, त्याला हा पुरुष अनोळखी वाटत नाहीं.

१८५७ मधील 'सरवा वेचणाऱ्या' हें चित्र तर जगप्रसिद्ध आहे. सुगी झाल्यावर शेतांत पडून राहिलेल्या ओंब्या म्हणजे सरवा. आपल्याकडेही गोरगरीब स्त्रिया तो वेचीत. मिलेच्या चित्रांत तीन स्त्रिया आहेत. दोघी कमरेंत पार वांकल्या आहेत. त्यांतील एकीचा एक हात जमिनीकडे गेला आहे आणि दुसऱ्या हातांत पाठीमागें ओंब्यांची जुडी आहे. तिसरी अर्धवट वांकून हातांतील ओंब्या सारखी करीत आहे. मागें दूरवर सोनेरी प्रकाशांत धान्याच्या उंच गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा मनुष्य दिसतो. विपुलता आहे, पण ती दूर आहे. या तिघींच्या वांट्याला आलेली आहे ती उरलेली ओंबी. शेताचे कोपरे कापूं नका, पडलेला सरवा गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राहूं द्या, ही मोशेच्या नियमशास्त्रांतील आज्ञा आणि बवाजाच्या शेतांत सरवा वेचणाऱ्या रूथची कथा मिलेला मुखोद्गत होती. रूथ व बवाज यांवर त्यानें आधीं एक चित्रही काढलें होतें व त्यास १८५३ मध्यें पदक मिळालें होतें.

परंतु पॅरिसच्या टीकाकारांना या तीन स्त्रियांत रूथ दिसली नाहीं. त्यांना दिसली ती क्रांति. गरिबांना एवढें मोठें करून दाखविणें म्हणजे त्यांना श्रीमंतांविरुद्ध चिथावणें होय, असा ओरडा झाला. १८६३ मध्यें 'कुदळवाला' प्रदर्शनांत आला. काम करून थकलेला, कुदळीच्या दांड्यावर भार टाकून उभा असलेला तो मजूर पाहून हा ओरडा अधिकच वाढला. मिलेनें आपण कोणत्याही पक्षाचे नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. रानफुलांचें सौंदर्य, दूर ढगांत तळपणारा सूर्य हें सर्व आपल्यालाही दिसतें. पण त्याच माळावर घाम गाळणारीं माणसें आणि घोडेही दिसतात, व त्यांकडे डोळेझांक करणें आपल्याला शक्य नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ होता.

या निष्ठेची किंमत जबर होती. घरांत नऊ मुलें वाढत होतीं, भाकरीवाल्याची व वाण्याची उधारी थकलेली असे. १८५१ मध्यें आजी वारली, १८५३ मध्यें आईही गेली. नॉर्मंडीस जाण्याइतका पैसा हातीं नसल्यामुळें त्याला दोघींचेंही अखेरचें दर्शन झालें नाहीं. अशा स्थितींत थिओडोर रूसो या चित्रकार मित्रानें त्याला मोठा आधार दिला. मिलेचें एक चित्र कोणी घेईना, तेव्हां रूसोनें एका अमेरिकन धनिकाच्या नांवाखालीं तें स्वतःच ४,००० फ्रँकना घेतलें आणि ही गोष्ट मिलेपासून लपवून ठेविली. उपकाराचें ओझें मित्राच्या मनावर पडूं नये, ही केवढी नाजूक काळजी!

त्याचें सर्वांत प्रिय झालेलें चित्र म्हणजे १८५७ ते १८५९ या काळांत पूर्ण झालेलें 'सायंप्रार्थना'. आकारानें तें लहान आहे. रुंदी सुमारें सवादोन फूट. सायंकाळीं बटाट्याच्या शेतांत एक शेतकरी व त्याची पत्नी काम थांबवून उभीं आहेत. दूरच्या प्रार्थनामंदिराची घंटा वाजत आहे. पुरुषानें टोपी हातांत धरली आहे, स्त्रीनें हात जोडून मान लवविली आहे. दांताळें जमिनींत रोवलेलें आहे, बटाट्यांची टोपली पायाशीं आहे. एवढेंच चित्र! त्याची प्रेरणा मिलेनें स्वतःच सांगितली आहे. लहानपणीं शेतांत काम चालू असतां घंटेचा नाद ऐकूं आला कीं, आजी सर्वांना हातांतील काम थांबवावयास लावी आणि मृतांसाठीं प्रार्थना करवी. ज्या आजीच्या अंत्यसमयीं तो पोंचूं शकला नाहीं, तिचें हें स्मारकच त्यानें रंगांत उभें केलें.

हें चित्र ज्या अमेरिकन गृहस्थासाठीं काढलें होतें, त्यानें तें नेलेंच नाहीं, आणि मिलेला तें सुमारें १,००० फ्रँकना विकावें लागलें. पुढें १८८९ मध्यें त्याच चित्राचा लिलांव ५,५३,००० फ्रँकवर गेला. तें अमेरिकेस जाऊन आलें आणि एका फ्रेंच व्यापाऱ्यानें सुमारें ८ लक्ष फ्रँक देऊन तें स्वदेशीं आणलें. या वैभवांतला एक फ्रँकही चित्रकाराच्या कुटुंबास मिळाला नाहीं. असल्या उदाहरणांनीं लोकमत जागें होऊन, चित्राच्या पुनर्विक्रींतील कांहीं अंश चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळावा, असा कायदा फ्रान्समध्यें १९२० सालीं झाला.

मिलेच्या हयातींत कीर्ति आली, पण उशिरां. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्याचीं नऊ चित्रें मांडलीं गेलीं व त्याला पहिल्या वर्गाचें पदक मिळालें; दुसऱ्याच वर्षीं सरकारनें त्याचा मोठा सन्मान केला. मात्र हा आनंद पाहावयास रूसो राहिला नाहीं. १८६७ च्या अखेरीस तो वारला होता. २० जानेवारी १८७५ रोजीं बार्बिझाँ येथें मिलेनें देह ठेविला. रूसोच्या शेजारींच त्याला पुरण्यांत आलें. पुढच्या पिढींतील थोर चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग यानें मिलेला गुरु मानलें आणि आजारपणांत त्याच्या वीसांहून अधिक चित्रांवरून स्वतःच्या रंगांत नवीं चित्रें काढलीं. 'सरवा वेचणाऱ्या' आणि 'सायंप्रार्थना' हीं दोन्ही चित्रें आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, विषयाच्या शोधार्थ मिले दूर गेला नाहीं. आजीची प्रार्थना, बापाचें शेत, लहानपणीं वाचलेलें शास्त्र, एवढेंच त्याचें भांडवल होतें. बाजाराला जें हवें तें काढून तो सुखानें राहूं शकला असता. पण जें त्याला खरें वाटलें तेंच त्यानें काढलें, आणि त्यासाठीं लागेल तें सोसलें. आपल्या दारावरून रोज जाणारा मजूर, बांधावर भाकरी खाणारी मोलकरीण, संध्याकाळीं गुरें घेऊन परतणारा मुलगा यांच्याकडे आपण कधीं नीट पाहिलें आहे काय? ईश्वराच्या दृष्टीनें जे थोर आहेत, ते पुष्कळदां आपल्या दृष्टीस पडतही नाहींत. ते पाहावयास शिकविणें, हें मिलेच्या चित्रांचें कार्य अजून चालू आहे.