९६०० बॉड: हे नाव नेमकं कुणाचं?

अर्डुइनोचा सीरियल मॉनिटर उघडला की कोपऱ्यात ९६०० बॉड दिसतं. आपण बोर्डाशी जुळणारा आकडा निवडतो आणि पुढे जातो. हा ‘बॉड’ म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. फ्रान्सचे एमिल बोदो.

जन्म ११ सप्टेंबर १८४५, ईशान्य फ्रान्समधल्या मान्यो नावाच्या लहानशा गावात. वडील शेतकरी. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं, त्यानंतर बापासोबत शेतीकाम. आमच्या जानेफळच्या पोरांना ही सुरुवात ओळखीची वाटेल: शाळा सुटली की वावर. १८६९ मध्ये बोदो फ्रान्सच्या तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात काही काळ गेला, मग पुन्हा तारयंत्र.

तिथे त्यांना ह्यूजचं यंत्र हाताळायला मिळालं. पियानोसारख्या बटणांचं, पलीकडे थेट अक्षर छापणारं. यंत्र चांगलं होतं, पण एका वेळी तारेवर एकच माणूस. शेकडो किलोमीटर खांब रोवून तार ओढायची, आणि माणसाचा हात तो केवढा चालणार? दोन अक्षरांच्या मध्ये ती महागडी तार नुसतीच पडून राहायची.

बोदोंचा उपाय भाऊबंदांच्या सामाईक विहिरीसारखा आहे: पाळ्या लावा. दोन्ही टोकांना एकेक गोल तबकडी, तिच्यावर धातूचे संपर्क, वरून फिरणारा ब्रश. एका फेरीचे चार भाग केले तर चार ऑपरेटर. ब्रश ज्याच्या भागावर, तार त्याची. ठरवलं तर काही पाळ्या इकडून तिकडे, काही तिकडून इकडे.

प्रत्येकासमोर पाचच बटणं, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. पाच चालू-बंदच्या ३२ जोडण्या होतात, आणि अक्षरं-आकडे बदलायला शिफ्ट. मोर्समध्ये डॉट छोटा, डॅश लांब. इथे पाचही खुणांना सारखाच वेळ. पाळी आली की यंत्र टक् करायचं आणि त्याच ठेक्यात बोटं दाबायची. मिनिटाला १८० फेऱ्या, म्हणजे प्रत्येकाचे साधारण ३० शब्द. ठेका चुकला की अक्षर गेलं.

खरी गोम दोन्ही तबकड्यांचा वेग जुळवण्यात होती. एक जरा मागे पडली तर पहिल्याचं अक्षर दुसऱ्याच्या कागदावर छापलं जाणार. म्हणून दुरुस्तीचा सिग्नल पाठवून तबकडी पुन्हा जागेवर आणली जायची. आपल्या यूएआरटीमध्ये प्रत्येक बाइटच्या आधीचा स्टार्ट बिट साधारण हेच काम करतो.

पाळीचा हिशेब आजही चुकतो बरं का. विहिरीवरच्या मोटरीपासून घरापर्यंत आरएस-४८५ ची जोडतार ओढली, तर बोलणं-ऐकणं त्याच जोडीवर, पण एका वेळी एकच. हेच हाफ-डुप्लेक्स. मॅक्स४८५ चिपच्या डीई आणि आरई या पिन एकत्र करून मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनला द्यायच्या: हाय म्हणजे बोल, लो म्हणजे ऐक. बरेच जण बफर रिकामा झाल्याचा टीएक्सई फ्लॅग दिसताच पिन लो करतात. तेव्हा शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो, तो मध्येच कापला जातो. थांबायचं ते टीसी फ्लॅगसाठी, म्हणजे पाठवणं पूर्ण होईपर्यंत. अर्डुइनोत त्यासाठी सीरियलचं फ्लश फंक्शन आहे. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद, दहा बिटांचा बाइट एक मिलिसेकंदाहून जरासा जास्त. एवढाच धीर धरायचा असतो. एसटीएम३२ वर एकाच पिनवर करायचं असेल तर सीआर३ मधला एचडीएसईएल बिट १ करा, पिन ओपन-ड्रेन ठेवा आणि पुल-अप लावा.

बोदोंनी १७ जून १८७४ ला पेटंट घेतलं. १२ नोव्हेंबर १८७७ ला पॅरिस-बोर्दो तारेवर पहिली चाचणी झाली आणि वर्षअखेर पॅरिस-रोम ही सुमारे १,७०० किलोमीटरची लाइन सुरू झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदकही मिळालं. पण संशोधनासाठी खात्याकडून मदत अशी फारशी नव्हतीच. खर्च स्वतःच्या खिशातून. १८८० मध्ये ते सुवर्णपदकच विकावं लागलं.

वरून मिमो नावाच्या दुसऱ्या संशोधकाशी कल्पना आधी कुणाची यावर कोर्टकचेरी. खरं सांगायचं तर सुटे भाग बोदोंचे नव्हतेच: छपाई ह्यूजची, पाळ्यांची तबकडी मेयर यांची, पाच खुणांची कल्पना त्याही आधीची. पण हे सगळं जोडून रोज, चुकल्याशिवाय तारेवर चालवून दाखवणं, माझ्या मते अवघड काम तेच होतं.

१८८२ मध्ये प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेला हा माणूस खात्यात निरीक्षक-अभियंता झाला. तब्येतीने मात्र नोकरीच्या सुरुवातीपासूनच साथ दिली नाही. २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळ सो इथे वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले.

त्यांचा कोड पुढे मरे यांनी बदलून टेलिप्रिंटरसाठी जुळवून घेतला. १९२६ मध्ये वेगाच्या एककाला बॉड हे नाव मिळालं. बॉड म्हणजे सेकंदाला तारेवर पाठवलेल्या खुणा, बिट नव्हे. आपल्या साध्या सीरियल पोर्टवर एक खूण म्हणजे एकच बिट, म्हणून दोन्ही आकडे सारखे येतात. जुन्या डायल-अप मोडेमवर तसं नव्हतं. तिथे एका खुणेत अनेक बिट बसवलेले असायचे.